नवजात बाळाची कावीळ: पहिला दिवस आणि चौदावा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कावीळ काय, होतेच सगळ्या बाळांना, जाईल आपोआप,’ एवढा एकच दिलासा घेऊन बहुतेक आई-वडील बाळाला घरी नेतात. बहुतेक बाळांच्या बाबतीत तो खराही ठरतो. पण ती किती दिवसांत जाईल, कोणत्या दिवशी सर्वांत जास्त असेल आणि कोणत्या दिवसानंतर वाट पाहत बसायचे नाही, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते. काविळीने बाळाचे जे नुकसान होते ते बहुतांशी टाळता येण्याजोगे असते, आणि ते टाळायचे तर या तारखा घरच्यांना ठाऊक असायला हव्यात. नवजात शिशू विभागात काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका या नात्याने त्या आपल्या वाचकांसमोर मांडत आहोत.

पूर्ण दिवसांच्या, म्हणजे ३७ आठवडे भरल्यानंतर जन्मलेल्या दर दहा बाळांपैकी सुमारे सहा बाळे पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण दहापैकी आठच्या घरात जाते. नेहमीची कावीळ जन्मानंतर २४ तास उलटल्यावर, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सर्वांत जास्त असते, मग उतरू लागते आणि दहा ते चौदा दिवसांत जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ती पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत वाढत राहते आणि जायला तीन आठवडे घेते. केवळ आईच्या दुधावर असलेल्या काही निरोगी बाळांत हलका पिवळेपणा सहा आठवडे, क्वचित बारा आठवडेही टिकतो.

वय मोजायचे ते जन्माच्या वेळेपासून तासांनी. रात्री अकराला जन्मलेले बाळ सकाळी नऊला कॅलेंडरवर ‘दुसऱ्या दिवसाचे’ असते, प्रत्यक्षात ते फक्त दहा तासांचे असते. त्या सकाळी ते पिवळे दिसले तर ती पहिल्या २४ तासांतली कावीळ होय, आणि तिला नेहमीची कावीळ कधीच समजू नये.

हे तास इतके महत्त्वाचे का, हे कळायला पिवळेपणा येतो कुठून ते पाहावे लागेल. पोटातल्या बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात आणि त्यांचे आयुष्य मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा कमी असते: १२० दिवसांऐवजी सुमारे ७० ते ९० दिवस. त्या मोडल्या की त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. एक ग्रॅम हिमोग्लोबिनातून सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन निघते, आणि वजनाच्या हिशेबाने नवजात बाळ मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट बिलिरुबिन रोज तयार करते. जन्मापूर्वी ते वारेतून आईकडे जाते आणि आईचे यकृत त्याचा निकाल लावते. नाळ कापली की ते काम बाळाच्या यकृतावर येते, पण त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) तेव्हा प्रौढांच्या जेमतेम एक टक्का इतकेच काम करत असते. ते पूर्ण क्षमतेला यायला तीनेक महिने लागतात. आतड्यात पोहोचलेले बिलिरुबिनही सगळे बाहेर पडत नाही. बाळाची पहिली काळी-हिरवी शी रेंगाळली तर त्यातले बरेचसे पुन्हा रक्तात शोषले जाते. आवक जास्त, निचरा कमी, आणि निचऱ्यातलाही काही भाग माघारी. म्हणून पहिले तीन-चार दिवस पातळी चढते. यकृत हळूहळू कामाला लागले आणि दूध पोटात जाऊन शी नियमित झाली की उतरते.

या सगळ्याला वेळ लागतो. म्हणूनच पहिल्या २४ तासांत डोळ्यांना दिसण्याइतकी कावीळ झाली, तर पेशी नेहमीपेक्षा फार वेगाने मोडत आहेत असे मानून त्याच क्षणी रक्त तपासावे लागते. आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल, अथवा आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळाच्या पेशी मोडू शकतात. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता हे दुसरे मोठे कारण. अशा बाळाच्या पेशी एरवी धड असतात, पण विशिष्ट पदार्थांशी संपर्क आला की एकदम फुटतात. कपाटात ठेवायच्या नॅप्थलीनच्या डांबरगोळ्या हा त्यांतला सर्वांत घरगुती पदार्थ आहे. महिनोन्‌महिने या गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे, दुपटी किंवा पांघरुणे नवजात बाळाला वापरू नयेत. धुऊन वास गेला तरी शक्यतो नकोच. तपासणीत पातळी (ती दर १०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात) पहिल्या २४ तासांत ताशी ०.३ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि त्यानंतर ताशी ०.२ किंवा जास्त वेगाने चढत असेल, तर पेशी मोडत असल्याचा संशय पक्का धरतात.

येथे आकड्यांविषयी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण ‘शेजारच्या बाळाला तर सतरा होती, काही केले नाही’ ही तुलना फार ऐकू येते. बिलिरुबिनचा नुसता आकडा काहीच सांगत नाही. त्याच्यासोबत बाळाचे तासांतले वय, ते किती आठवड्यांचे जन्मले हे, आणि धोक्याची कारणे असावी लागतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार ३८ किंवा अधिक आठवड्यांच्या बाळाला फोटोथेरपी, म्हणजे निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार, सुरू करण्याची रेषा २४ तासांना सुमारे ११.७ मिलिग्रॅम, ४८ तासांना १४.६, ७२ तासांना १७.५ आणि ९६ तासांना २०.५ अशी चढत जाते. ३५ आठवड्यांच्या बाळासाठी ७२ तासांनंतरची रेषा १४.६ वरच थांबते. म्हणजे १५ हा आकडा ७२ तासांच्या पूर्ण दिवसांच्या बाळात पुन्हा तपासण्याजोगा, ३५ आठवड्यांच्या बाळात उपचार सुरू करण्याजोगा, आणि ३० तासांच्या कोणत्याही बाळात ताबडतोब धावपळ करण्याजोगा असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२च्या रेषा थोड्या वेगळ्या आहेत, पण तत्त्व हेच. रिपोर्ट हातात आला की आई-वडिलांनी डॉक्टरांना ‘किती आहे?’ यापेक्षा ‘रेषेच्या किती खाली आहे आणि पुन्हा कधी तपासायचे?’ असे विचारावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅमऐवजी मायक्रोमोल हे एकक छापतात. त्या आकड्याला १७.१ ने भागले की मिलिग्रॅम मिळतात. तीनशेचा आकडा पाहून घाबरलेले आणि सतराचा आकडा पाहून निर्धास्त असलेले घर, दोघांच्याही बाळाची पातळी जवळजवळ एकच असते.

पातळी सर्वांत वर जाते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि सुखरूप बाळंतपणानंतर बहुतेक बाळे त्याआधीच घरी गेलेली असतात. आमच्या मते खरी फट इथेच आहे. एक जुना पण लक्षात ठेवायला सोपा नियम असा: २४ तासांच्या आत घरी गेलेले बाळ ७२ तासांचे होण्यापूर्वी, २४ ते ४८ तासांत गेलेले ९६ तासांचे होण्यापूर्वी, आणि ४८ ते ७२ तासांत गेलेले १२० तासांचे होण्यापूर्वी पुन्हा तपासले जावे. धोका जास्त असेल तर त्याहून लवकर. ३५ ते ३७ आठवड्यांत जन्मलेले, आधीच्या भावंडाला फोटोथेरपी लागलेले, व्हॅक्यूम लावून जन्मताना डोक्यावर रक्ताची गाठ आलेले किंवा अंगावर काळे-निळे डाग पडलेले, आणि ज्याला अजून नीट पिता येत नाही असे बाळ यांना ‘आठवड्याने दाखवा’ म्हणून पाठवू नये. ३६ आठवड्यांचे बाळ विशेष फसवे असते. वजन अडीच-पावणेतीन किलो भरते, दिसायला पूर्ण दिवसांचे वाटते, पण यकृत आणि चोखण्याची ताकद दोन्ही कच्ची असतात.

घरी पाहायचे कसे? दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, बाळाचे कपडे उतरवून. पिवळ्या दिव्याखाली किंवा रंगीत पडद्याच्या खोलीत काही कळत नाही. कपाळावर, मग छातीच्या मधल्या हाडावर बोट हलके दाबून उचलावे. क्षणभर रक्त सरते आणि खालचा रंग दिसतो. सावळ्या बाळात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहाव्यात. पिवळेपणा चेहऱ्यापासून खाली उतरत जातो आणि जाताना पायांकडून वर जात ओसरतो. डोळे सर्वांत शेवटी स्वच्छ होतात. म्हणून पाय आणि पोट नितळ झाले असतील आणि फक्त डोळ्यांत पिवळी झाक उरली असेल, तर कावीळ उतरत आहे. उलट पोटऱ्या, तळहात, तळपाय पिवळे दिसू लागले तर त्याच दिवशी दाखवावे. मात्र ही नजर ‘दाखवायला न्यावे का’ एवढेच ठरवायला आहे. पातळी किती आहे, हे अनुभवी माणसालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येते असे वाटते त्यांच्यावर विसंबू नये. त्यासाठी कपाळावर किंवा छातीवर टेकवायचे यंत्र आहे. त्याचा आकडा १५ च्या आसपास किंवा उपचाराच्या रेषेजवळ आला की रक्तच तपासावे लागते. फोटोथेरपी चालू असताना तर त्या यंत्राचा आणि नजरेचा, दोन्हींचा उपयोग नसतो: प्रकाशाने कातडी आधी उजळते, रक्तातली पातळी मागे राहते.

पहिल्या आठवड्यातली कावीळ वाढवण्याचे सर्वांत नेहमीचे कारण दूध पोटात कमी जाणे हे असते. दूध कमी म्हणजे शी कमी, शी कमी म्हणजे आतड्यातले बिलिरुबिन पुन्हा रक्तात. त्यात एक दुष्टचक्र आहे: कावीळ वाढलेले बाळ सुस्तावते, सुस्तावलेले बाळ पीत नाही, आणि न प्यायल्याने कावीळ आणखी चढते. ‘झोपलंय, झोपू द्या’ हा सल्ला त्या दिवसांत चुकीचा आहे. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचे. तीन तास झाले की कपडे सैल करून, तळपाय चोळून उठवायचे. बाळाने स्तनाग्रच नाही तर त्याभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात घेतला आहे ना, गिळण्याचा आवाज येतो ना, हे पाहायचे. दूध पुरते आहे की नाही, हे लंगोट सांगतात. चौथ्या दिवसापर्यंत काळी शी जाऊन मोहरीच्या रंगाची, दिवसाला तीन-चार वेळा व्हायला लागली पाहिजे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा ओले लंगोट हवेत. वजन सुरुवातीला ७ टक्क्यांपर्यंत उतरते, १० टक्क्यांच्या वर उतरले तर दुधाचा प्रश्न आहे असे समजावे. दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन परत आले पाहिजे. पुरत नसेल तर आईचे दूध पिळून वाटी-चमच्याने द्यावे, तेही कमी पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध. पाणी, साखरेचे पाणी, ग्लुकोज यांतले काहीही देऊ नये. बिलिरुबिन पाण्यात विरघळून शूवाटे ‘धुऊन’ जाईल ही कल्पनाच चुकीची आहे. ते शीतून जाते, आणि पाण्याने भरलेले पोट दूध नाकारते.

कोवळ्या उन्हाबद्दल. या समजुतीमागे तथ्याचा एक कण आहे. १९५६ साली इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड येथील रुग्णालयात, बाळांना उन्हात नेणाऱ्या मुख्य परिचारिका वॉर्ड यांना दिसले की उघड्या राहिलेल्या कातडीचा पिवळेपणा उतरतो आणि झाकलेला भाग पिवळाच राहतो. त्याच सुमारास खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यात बिलिरुबिन कमी भरले. त्यावरून डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये निळ्या प्रकाशाचा उपचार प्रसिद्ध केला. म्हणजे उन्हात गुण आहे हे ज्यांच्या लक्षात आले, त्यांनीच ऊन सोडून दिवा बनवला. उन्हात उपयोगी निळा प्रकाश असतो तसे कातडी भाजणारे अतिनील किरण आणि उष्णताही असते. किती मात्रा मिळाली हे कळत नाही. उघडे बाळ सावलीत गारठते, उन्हात सुकते, आणि कपड्यांत गुंडाळून नेले तर प्रकाश मिळतच नाही. सर्वांत मोठा तोटा वेगळाच आहे. ‘ऊन देतोय’ या समाधानात दोन-तीन दिवस जातात, आणि ते नेमके पातळी शिगेला जाण्याचे दिवस असतात.

रुग्णालयातल्या फोटोथेरपीत, ज्याला बोलताना ‘पेटीत ठेवणे’ म्हणतात, ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश वापरतात. तो कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूची ठेवण बदलतो, त्यामुळे यकृताची वाट न पाहता ते पित्तातून आणि काहीसे शूतून बाहेर पडते. हे अतिनील किरण नव्हेत. उपचार जोरदार व्हायचा तर प्रकाशाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला दर नॅनोमीटरला किमान ३० मायक्रोवॅट हवी, आणि ती मापकाने मोजलेली हवी. दिवा निळा दिसतो म्हणजे पुरेसा आहे असे नाही: दिवे जुने होतात, धूळ बसते, आणि अंतर थोडे वाढले तरी तीव्रता झपाट्याने घटते. बाळाच्या अंगावर लहानसा लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी, बाकी सारे उघडे. मोठा डायपर, टोपी, मोजे, वरून पांघरलेले दुपटे हे सगळे उपचारातून भाग वजा करतात. डोळ्यांची पट्टी घसरून नाकावर येते. ती दर वेळी पाहावी. पाजण्यासाठी बाळाला अर्धा तास बाहेर काढता येते आणि काढावे. फक्त पातळी रक्तबदलाच्या (बाळाचे रक्त थोडे थोडे काढून दुसरे भरण्याच्या) रेषेजवळ असेल तेव्हा खंड न पाडता दिव्याखालीच पिळलेले दूध देतात. शी पातळ, हिरवट होते, अंगावर बारीक पुरळ येते, ताप येऊ शकतो; दिवे बंद झाले की हे जाते. बहुतेकांना एक ते दोन दिवस पुरतात. दिवे बंद केल्यावर पातळी थोडी परत चढू शकते, म्हणून बारा ते चोवीस तासांनी एकदा रक्त पाहावे. पेशी मोडण्याचे कारण असलेल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर नक्कीच. ही शेवटची तपासणी घरी जाण्याच्या घाईत सर्वाधिक वेळा राहते.

हे सारे करायचे ते मेंदूसाठी. यकृताने न बदललेले बिलिरुबिन फार वाढले, पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात साधारण २५ मिलिग्रॅमच्या पुढे आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळात त्याहून खाली, तर ते मेंदूत उतरते. बाळ आधी मलूल, ढिले होते, चोखणे सैल पडते. मग कर्कश, चिरका रडू लागते, अंग ताठते, मान आणि पाठ मागे कमानीसारखी वळते, झटके येतात. या टप्प्यावर तास मोजायचे नसतात, मिनिटे मोजायची असतात. दिवे आणि रक्तबदल वेळेत झाले नाहीत, तर उरलेल्या आयुष्यभर बहिरेपणा, हातापायांच्या अनावर हालचाली, डोळे वर न फिरणे असे अपंगत्व राहते. हे एकविसाव्या शतकात एकाही बाळाला व्हायला नको, आणि होते तेव्हा ते बहुधा ‘जाईल आपोआप’ म्हणून वाट पाहिल्याने झालेले असते.

आता चौदाव्या दिवसाकडे. पूर्ण दिवसांचे बाळ १४ दिवसांनंतर आणि अपुऱ्या दिवसांचे २१ दिवसांनंतरही पिवळे असेल, तर ती लांबलेली कावीळ होय. यातली बहुसंख्य बाळे ठणठणीत असतात आणि आईच्या दुधामुळे पिवळी राहतात. आईच्या दुधातल्या काही घटकांमुळे आतड्यातून बिलिरुबिन जास्त शोषले जाते. केवळ आईच्या दुधावरच्या साधारण दर चार-पाच बाळांत एक बाळ तीन-चार आठवड्यांनंतरही किंचित पिवळे असते. हे बाळ नीट पिते, दिवसाला २० ते ३० ग्रॅम वजन वाढवते, शी पिवळीधमक, शू पाण्यासारखी. त्याचे दूध तोडण्याची गरज नसते. दोन दिवस दूध बंद करून ‘पाहण्याचा’ सल्ला अजूनही दिला जातो. त्यातून कळते थोडे आणि आईचे दूध मात्र कायमचे आटू शकते.

पण आईच्या दुधाची कावीळ हे निदान बाकीचे वगळल्यावर करायचे असते, आधी नाही. वगळण्यासाठी एक स्वस्त चाचणी पुरते: एकूण बिलिरुबिनसोबत डायरेक्ट, म्हणजे यकृताने बदललेले, बिलिरुबिन. वरचे दूध पिणाऱ्या बाळात दोन आठवड्यांना, आईच्या दुधावरच्या बाळात फार तर तीन ते चार आठवड्यांना ती झालीच पाहिजे, आणि शी किंवा शूचा रंग बिघडला असेल तर वय न पाहता त्याच दिवशी. डायरेक्ट बिलिरुबिन १ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर यकृताने आपले काम केले आहे पण पित्त बाहेर पडत नाही, असा अर्थ. अशी कावीळ साधी कधीच नसते. फोटोथेरपीने ती जात नाही, उलट बाळाची कातडी तपकिरी पडू शकते. एकूण आकडा अवघा सात-आठ असतो म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवला जातो, आणि खालच्या ओळीतला डायरेक्टचा चार कोणी वाचत नाही.

या गटातला सर्वांत घातक आजार म्हणजे पित्तनलिका बंद होणे. हजारो बाळांत एखाद्यालाच होतो, पण त्याला तारखेची धार आहे. बाळ पहिले काही आठवडे गुटगुटीत असते, हसरे असते, वजनही वाढते. आत मात्र यकृत दिवसेंदिवस निबर होत जाते. जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात शोधलेली शस्त्रक्रिया, ज्यात आतड्याचा तुकडा थेट यकृताच्या तळाशी जोडून पित्ताला वाट करून देतात, ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता सर्वांत चांगली असते; ९० दिवसांनंतर ती फार घटते आणि पुढे यकृतरोपणच उरते. साठ दिवस ऐकायला भरपूर वाटतात. पण त्यांत संशय येणे, रक्त, सोनोग्राफी, यकृताचा तुकडा तपासणे, मोठ्या रुग्णालयात पोहोचणे हे सगळे बसवायचे असते. महिना होईपर्यंत थांबू, मग दीड महिन्याच्या लसीला विचारू, असे करता करता ते दिवस संपतात.

हा आजार घरच्या घरी ओळखू येतो तो शीवरून. निरोगी बाळाची शी पिवळी, मोहरीसारखी, हिरवी किंवा तपकिरी, कशीही असू शकते. पांढरी, खडूसारखी, राखाडी, फिकट बदामी किंवा मातकट पांढुरकी शी कधीही चांगली नाही. दिवसाच्या उजेडात, शी ओली असताना, पांढऱ्या लंगोटावर पाहावी. मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि दाखवायला जाताना तो लंगोटही न्यावा. एखादी फिकट शी सुरुवातीला मध्येच येते आणि पुढची पुन्हा पिवळसर असते, म्हणून ‘आज बरी आहे’ यावर थांबू नये. दुसरी खूण शूची. नवजात बाळाची शू जवळजवळ रंगहीन असते. तिने लंगोटावर पिवळा डाग पडत असेल तर ते सांगण्यासारखे लक्षण आहे. तैवानने २००४ पासून देशातल्या प्रत्येक नवजात बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचे कार्ड घातले, आणि त्यानंतर ही शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत होणाऱ्या बाळांचे प्रमाण वाढले. रंगीत छापलेला एक कागद यापेक्षा जास्त काय करू शकेल?

पित्त आतड्यात पोहोचत नसेल तर के जीवनसत्त्व शोषले जात नाही. त्यामुळे पिवळ्या बाळाच्या नाळेतून, नाकातून किंवा टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नसेल, तर आधी के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि मग बाकी तपास. जन्मतः हे इंजेक्शन दिले आहे का, याची नोंद आई-वडिलांनी आवर्जून पाहावी.

लांबलेल्या काविळीत थायरॉइडची जन्मजात कमतरताही शोधावी लागते. बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, मोठी जीभ, थंडगार अंग ही लक्षणे उशिरा येतात, कावीळ आधी येते. उपचाराला पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात झाली तर बुद्धीचे नुकसान टळते. लघवीतला जंतुसंसर्ग, हळूहळू मोडत राहणाऱ्या पेशी, काही चयापचयाचे आजार हीही कारणे. म्हणून चौदा दिवसांनंतरच्या तपासणीत डायरेक्ट बिलिरुबिनबरोबर हिमोग्लोबिन, रक्तगट आणि कूम्ब्स चाचणी (बाळाच्या तांबड्या पेशींना प्रतिद्रव्ये चिकटली आहेत का ते पाहणारी), थायरॉइड आणि लघवीची तपासणी एकदाच करून घेतली तर बाळाला वारंवार टोचावे लागत नाही.

रुग्णालयांना आमची विनंती अगदी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘कावीळ: सौम्य’ असे लिहू नये. जन्माची तारीख आणि वेळ, आठवडे, आई आणि बाळाचा रक्तगट, शेवटचे बिलिरुबिन व ते बाळ किती तासांचे असताना घेतले, घरी जातानाचे वजन, पुढच्या तपासणीची तारीख आणि बाळाच्या चौदाव्या दिवसाची तारीख, एवढे लिहावे. चौदाव्या दिवसाच्या तारखेपुढे ‘डोळे पिवळे? शीचा रंग? शूचा डाग?’ असे तीन प्रश्न छापावेत. ज्या बाळांची पातळी रक्तबदलाच्या रेषेपर्यंत गेली होती, त्यांच्या कार्डावर श्रवण चाचणीची तारीखही हवी, आणि ती मेंदूच्या श्रवणमार्गाची चाचणी असावी. फक्त कानाच्या आतल्या पेशी पाहणाऱ्या चाचणीत या बाळांचा बहिरेपणा निसटतो.

आपले,
नवजात शिशू विभागातील डॉक्टर व परिचारिका